प्रायॉरिटी १०० : स्विचवरच्या एका सेटिंगचा इतिहास

१९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर यायची. थैल्यांची अदलाबदल झाली की जिथून आली तिथे परत. सोय मोठी होती, पण सगळा भार एका ठिकाणावर. ते ठिकाणच बंद पडलं तर?

आज त्याच विमानतळाला लागून मिहान आहे आणि तिथल्या आयटी कार्यालयांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात असतो. तुमच्या संगणकाला बाहेर जायचा एकच पत्ता माहीत असतो, डिफॉल्ट गेटवे. तो राउटर बंद पडला की शेजारी दुसरा धडधाकट राउटर असूनही संगणक अडकून बसतो. यावरचा उपाय म्हणजे व्हीआरआरपी. दोन राउटर किंवा लेअर-३ स्विच मिळून एक आभासी पत्ता सांभाळतात. ज्याची प्रायॉरिटी जास्त तो काम करतो आणि दर सेकंदाला 'मी आहे' असं कळवतो. तो गप्प झाला की दुसरा जागा घेतो.

इथपर्यंत कुठल्याही लॅब मॅन्युअलमध्ये मिळेल. पण तुम्हाला संशोधन करायचंय ना? मग विचारा, हे आकडे आले कुठून?

आधी सिस्कोचा एचएसआरपी आला. त्यावर सिस्कोला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. मार्च १९९८ मध्ये तो आरएफसी २२८१ म्हणून छापला गेला, पण फक्त माहितीसाठी. पुढच्याच महिन्यात आरएफसी २३३८ आला, तोच व्हीआरआरपी. त्याच्या लेखकांत नोकिया, डिजिटल, आयबीएम, मायक्रोसॉफ्टची माणसं होती. आपलं काम सिस्कोच्या आणि डिजिटलच्या खासगी प्रोटोकॉलसारखंच आहे, हे त्यांनी दस्तऐवजातच लिहिलंय.

मालकीचा हा फरक आभासी मॅक पत्त्यातही दिसतो. एचएसआरपीचा पत्ता सिस्कोच्या ००-००-०सी ने सुरू होतो, व्हीआरआरपीचा आयानाच्या ००-००-५ई ने. पॅकेट कॅप्चर उघडा, डोळ्यांनी बघा.

पेटंटचा वाद इथे संपला नाही. ओपनबीएसडीच्या मंडळींना पेटंटच्या सावलीतला प्रोटोकॉल नको होता, म्हणून त्यांनी कार्प लिहिला. २००४ च्या ३.५ आवृत्तीत तो आला. त्यासाठी आयानाकडून वेगळा प्रोटोकॉल क्रमांक मिळाला नाही, तेव्हा त्यांनी सरळ व्हीआरआरपीचाच ११२ वापरला. आज एकाच नेटवर्कवर कार्प आणि व्हीआरआरपीचे ग्रुप क्रमांक सारखे ठेवले तर मॅक पत्ते भिडतात. प्रशासकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मूळ मात्र त्या जुन्या भांडणात आहे.

आता प्रायॉरिटीकडे या. व्हीआरआरपीत ती १ ते २५४ मध्ये आपण ठरवतो, न सांगितल्यास १००. २५५ राखीव आहे, आभासी पत्ता ज्याचा स्वतःचाच आहे त्या राउटरसाठी. आणि ० म्हणजे राजीनामा : 'मी जातोय, लगेच ताबा घ्या'. बाकी वेळी बॅकअप तीन सेकंद वाट बघतो, वर (२५६ − प्रायॉरिटी) ÷ २५६ सेकंद. प्रायॉरिटी १०० असेल तर एकूण साधारण ३.६१ सेकंद, २०० असेल तर ३.२२. म्हणजे दोन बॅकअप असतील तर जास्त प्रायॉरिटीवाला आधी उठतो. वेगळी निवडणूक घ्यावीच लागत नाही.

दुसरा फरक प्रीएम्प्टचा. बिघडलेला मुख्य राउटर परत आला की ताबा आपोआप परत घेणार का? व्हीआरआरपीत मुळातच हो, एचएसआरपीत सांगितल्याशिवाय नाही. चोवीस तास चालणाऱ्या कार्यालयात हे महत्त्वाचं आहे. स्विच रीबूट होऊन आला, ताबा घेतला, पण त्याचे पुढचे रूट अजून तयार नाहीत. झालं, दुसऱ्यांदा खंड! म्हणून प्रीएम्प्टला थोडा उशीर देतात.

पण मला सगळ्यात शिकवून गेली ती खोडलेली गोष्ट. १९९८ च्या आवृत्तीत पासवर्डसह ऑथेंटिकेशनचे प्रकार होते. २००४ च्या आरएफसी ३७६८ मध्ये ते काढून टाकले. कारण प्रत्यक्ष वापरातून कळलं की त्यातून खरी सुरक्षा मिळतच नाही; उलट दोन राउटरचे पासवर्ड जुळले नाहीत तर दोघेही स्वतःला मास्टर समजतात. ज्या बिघाडासाठी सगळा खटाटोप केला, त्यात सुरक्षेनेच नवा बिघाड आणला. हे फक्त ताजी आवृत्ती वाचून उमगत नाही.

म्हणून एक काम करा. १९९८, २००४, २०१० आणि २०२४ चे आरएफसी (२३३८, ३७६८, ५७९८, ९५६८) शेजारी शेजारी ठेवा. काय वाढलं, काय गेलं, कुठला शब्द बदलला याचा तक्ता करा. 'मास्टर' जाऊन 'अ‍ॅक्टिव्ह' २०२४ मध्ये आला, आणि त्या दस्तऐवजावर १९९८ च्या लेखकांपैकी एसी लिंडेम यांचं नाव अजून आहे. साहित्य आढाव्यात बहुतेक जण शेवटचा आरएफसी उद्धृत करून मोकळे होतात. तक्त्यातल्या 'गेलं' या रकान्यापाशी थांबा. तिथे संशोधनाचा प्रश्न सापडायची शक्यता जास्त.