ठासणीची बंदूक आणि कलम १७

तालुक्याच्या कचेरीत हत्यार परवान्यांच्या फायली माझ्या टेबलावर असत. तालुका कोकणातला, त्यामुळे बहुतेक अर्ज ठासणीच्या बंदुकीचे आणि कारण एकच: पीक संरक्षण. भातात डुकरं उतरतात, नाचणीत सांबर शिरतं. खोटं नव्हतं ते. पण सांबराचं मटण आवडतं, असं अर्जात कोण लिहिणार?

१८७८ च्या इंग्रजी कायद्यापासून बंदुकीला परवाना लागू लागला. १९५९ चा आपला कायदा शेतकऱ्याशी जरा सैलपणे वागला. त्याचं कलम १३ सांगतं, की खऱ्याखुऱ्या पीक रक्षणासाठी ठासणी मागितली आणि अन्य अडचण नसेल, तर परवाना द्यावा.

ठासणी म्हणजे सावकाशीचं काम. नळीच्या तोंडातून दारू, वर चिंधी, मग छरे, पुन्हा चिंधी. सगळं गजाने ठासायचं आणि मागे केप बसवायची. पहिला बार उडालाच नाही आणि गडबडीत त्यावर दुसरा ठासला, तर नळी फाटते. म्हणून जुनी माणसं गज आत सोडून तो बाहेर किती उरतो ते आधी बघत. हाक्यातही त्यांचा दंडक होता. हाकाऱ्यांचे आवाज जवळ आले की समोर बार टाकायचा नाही. जनावर आपल्याला ओलांडून मागे गेलं, तरच. आणि जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण छऱ्यांनी सांबर जागीच पडेल असं नाही. पोटात छरे घेऊन ते दरी उतरून जातं. रक्ताचा माग काढणारे थोडे. बाकीचे ‘बार चुकला’ म्हणून मोकळे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम १७ वाचलं, तर ते एखाद्या जुन्या शिकाऱ्याने सांगून लिहवलेलं वाटतं. सांबर-चितळावर रात्री बार नाही, बॅटरीचा झोत नाही, जीपमधून नाही, पाणवठ्यावर नाही, कुत्रे घेऊन नाही. त्याच प्रकरणात पिल्लं, माद्या आणि शिंगांवर अजून लव असलेला नर यांनाही मनाई. शिवाय मोठ्या जनावराला रायफलच हवी. साध्या बंदुकीसाठी वेगळी मुभा. कलम उत्तम, पण माझ्या फायलींतल्या किती जणांकडे रायफल असणार? एका कायद्याने हातात ठासणी दिली, दुसरा म्हणाला हिने सांबर मारू नको. दोन्ही पाळायचे तर नुसता आवाजाचा बार काढून शेत राखायचं. तसं करणारेही होते. त्यांचं नूतनीकरण मी खुशीने लिहिलं.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा परवानाच बंद झाला आणि कलम १७ वगळलं गेलं. ठासण्या मात्र परवान्यावर राहिल्या. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायच्या, नंतर सोडवून आणायच्या. आता पीक नासणाऱ्या डुकरासाठीही आधी लेखी परवानगी लागते. अर्ज कसा करायचा ते विचारायला लोक अजून माझ्या ओटीवर येतात. सांबराचं कोणी विचारत नाही.