छायाचित्राची रंगसफेदी

तुमच्या घरी, ओटीच्या किंवा माजघराच्या भिंतीवर, एखादा तरी जुना फोटो टांगलेला असेल. आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, हातात काठी, शेजारी फुलांची कुंडी, आणि पाठीमागे कमानी-खांबांचा भलामोठा महाल. आजोबांनी तो महाल जन्मात पाहिलेला नसतो. तो कापडावर रंगवलेला असतो आणि जत्रेत आलेल्या फोटोवाल्याच्या पेटाऱ्यातून गावोगाव हिंडत असतो. तरी आपण फोटोकडे बोट करून मुलांना सांगतो, “हे बघ, हे तुझे पणजोबा.” आणि ते खरेच असते. पणजोबा खरे, महाल खोटा.

आता घरातली शाळकरी मुलगी तोच फोटो मोबाइलवर घेते. महाल पुसून त्या जागी हिरवा डोंगर लावते, पागोट्याला लाल रंग देते, सगळ्यावर एक तांबूस छटा चढवते आणि भोवती मोरांची नक्षीदार चौकट बसवते. पाच मिनिटांत काम फत्ते! ओटीवरची वडीलधारी माणसे म्हणतात, “हल्लीचे फोटो म्हणजे सगळी बनवाबनवी. आमच्या वेळी कॅमेरा खोटे बोलत नसे.”

बोलत असे हो. चांगला घडाघडा बोलत असे. तो ही भाषा कुठे शिकला हे पाहायचे तर आपल्याला मुंबईला जावे लागेल, आणि तिथे दादरला जरा जास्त वेळ थांबावे लागेल.

फोटोची विद्या युरोपात जाहीर झाली 1839 साली. त्यानंतर पंधरा वर्षांतच, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि 1855 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटो काढायला शिकवण्याचा वर्गही सुरू झाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि फोटोच्या नादात बुडालेले. म्हणजे ही कला साहेबांच्या बंगल्यात कोंडून राहिली नाही, आपल्या माणसांच्या हातात लवकर आली.

त्याच काळात मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज फोटोग्राफर होता. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे फोटो जमवून त्याने एक मोठा ग्रंथ केला. पहिला भाग 1863 साली निघाला, दुसरा 1866 साली. त्यातला दुसरा भाग महाराष्ट्रातल्या लोकांचा. पानावर फोटो पाहिला तर माणसे आपापल्या पोशाखात उभी आहेत, मागे देऊळ आहे, रस्ता आहे, झाडी आहे. वाटते, हा गृहस्थ कॅमेरा घेऊन तिथे गेला आणि त्याने हे टिपले.

तसे झालेले नाही. माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागचा देखावा दुसरीकडे काढलेला. मग माणसांच्या आकृती वेगळ्या करून देखाव्यावर बसवल्या आणि दोन्हींचे मिळून एक चित्र केले. आजची मुले ज्याला ‘लेयर’ म्हणतात, म्हणजे एका थरावर दुसरा थर, तो हाच प्रकार. याला कारणही होते. तेव्हा काचेवर ओले रसायन ओतून, ती काच ओली आहे तोवर फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावाही लागे. काळोखी खोली हाताशी हवी. बाजारात चार माणसे गोळा करून असला उपद्व्याप करण्यापेक्षा, त्यांना अंगणात बोलावून, चांगल्या उजेडात स्थिर उभे करणे सोपे.

मला जॉन्सनच्या चिकटवाचिकटवीचा राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हे पुस्तक ‘हे लोक असे असतात’ असे सांगण्यासाठी केलेले. ते पाहणाऱ्याला चित्रातला सांधा दिसत नाही, आणि ही माणसे त्या देवळापुढे कधी उभी राहिली होती का, हे चित्रावरून कळायला मार्ग नाही. ज्ञानाचे पुस्तक म्हणून ते कपाटात गेले आणि दीडशे वर्षे तिथे राहिले.

पुढे गावोगाव फोटो स्टुडिओ निघाले. तिथे पडद्याआड एक माणूस बसे. त्याच्यापुढे उतरत्या डेस्कवर काचेची निगेटिव्ह, मागून उजेड, हातात टोकदार पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सारे उलटे दिसते हे तुम्हाला ठाऊकच आहे. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तिथे पारदर्शक रेघ होते. त्या रेघेत पेन्सिलीचे शिसे हलकेच भरले की छापताना सुरकुती गायब. देवीचे व्रण असे किती पुसले गेले असतील, याची गणती नाही. फोटो छापून झाल्यावर वरून जलरंग देणारे चितारीही असत. शालूचा काठ पिवळा, ओठ गुलाबी.

आणि ती तांबूस छटा, जिला आज ‘सेपिया’ म्हणतात, तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. साधा काळापांढरा फोटो म्हणजे कागदावर चांदीचे बारीक कण. हवेतल्या वाफांनी ही चांदी हळूहळू खराब होते आणि फोटो विटतो. म्हणून जाणकार फोटोग्राफर त्या चांदीचे मुद्दाम गंधकाशी संयुग करीत. फोटो आधी एका द्रावणात फिका करायचा, मग सोडियम सल्फाइडच्या पाण्यात बुडवायचा. नासक्या अंड्यासारखा वास सगळ्या खोलीभर! पण चित्र सुंदर तपकिरी होऊन वर येई आणि पुष्कळ जास्त टिके. काही जण सोन्याच्या क्षाराचे पाणी वापरीत. म्हणजे छटा चढवायची ती फोटो शोभावा म्हणून, आणि तितकीच तो टिकावा म्हणून. आज मोबाइलमध्ये एक बटन दाबले की कालचा फोटो शंभर वर्षांचा दिसू लागतो. टिकण्यासाठी शोधलेली युक्ती म्हातारे दिसण्यासाठी वापरली जाते. असो.

आता दादर. मुंबईत 1896 साली प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसे पटापट मेली आणि सरकारला जाग आली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नव्या, मोकळ्या वस्तीची आखणी झाली. अशा त्या दादरमध्ये 1908 च्या सुमारास एक छापखाना आला. तो चालवणारे गृहस्थ होते धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटले की आपण एकदम सिनेमावर उडी मारतो. जरा थांबा. त्याआधीची त्यांची वीस वर्षे बघा. जन्म 1870 सालचा, त्र्यंबकेश्वरचा. 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, पुढे बडोद्याचे कलाभवन. तिथे कॅमेऱ्याची गोडी लागली. रतलामला जाऊन छपाईचे ठसे करायला शिकले. गोध्र्याला फोटोचा धंदा मांडला आणि तिथेच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला परतून पुन्हा फोटोचे दुकान काढले, तर लोकांत बोलवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो! दुकान बसले. मग नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे खेळ शिकले आणि आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोगही केले. 1903 पासून काही वर्षे पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर आणि नकाशे-आकृत्या काढणारे म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. रविवर्मा छापखान्याची कामे तिथे होत. काम वाढले तेव्हा छापखाना दादरला आला, आणि नवे भागीदार आल्यावर त्याचे नाव झाले ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’. रंगीत छपाईची यंत्रे आणायला फाळके 1909 साली जर्मनीलाही जाऊन आले.

तीन रंगांची छपाई कशी होते, ते शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. एकाच चित्राचे तीन फोटो घ्यायचे, दर वेळी भिंगापुढे वेगळ्या रंगाची काच धरून. त्यावरून तीन ठसे करायचे. एक पिवळ्या शाईचा, एक तांबड्या, एक निळ्या. फोटो घेताना मध्ये बारीक जाळीची काच असते, म्हणून ठशावर ठिपकेच ठिपके उमटतात. मग एकाच कागदावर तिन्ही ठसे एकावर एक छापायचे. पिवळ्यावर निळा पडला की झाडाचे पान हिरवे होते, पिवळ्यावर तांबडा पडला की शेंदरी फूल होते. पण एक ठसा केसभर सरकला, तर देवीच्या गालाबाहेर लाली जाते. दादरच्या त्या छापखान्यात फाळक्यांच्या डोळ्यांना रोज काय सवय लागली असेल? सबंध चित्र हे वेगवेगळ्या थरांचे असते, आणि थर नेमके जुळले तरच ते एक दिसते.

भागीदारांशी पटले नाही, आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले. 1911 साली गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. 1912 च्या सुरुवातीस लंडनला गेले, कॅमेरा ठरवून परतले. दादरच्या बंगल्यात कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याची वाढ थोडी थोडी टिपली. ते एवढेसे चित्र पाहून लोकांचा पैसा मिळाला. त्याच दादरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव आणि बरेचसे चित्रीकरण झाले आणि 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सरस्वतीबाई फाळके घरातल्या माणसांचा, कामगारांचा स्वयंपाक करून रात्री फिल्मला भोके पाडीत, फिल्म धुण्याची रसायने कालवीत. शाळांतून दादासाहेबांचा धडा शिकवताना बाईंचे हे काम राहून जाते. ते राहू नये.

पुढे ते नाशिकला गेले. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही केले. 1918 च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाचे मस्तक धडापासून सुटून अधांतरी तरंगते. फिल्म एकदा चालवायची, मागे फिरवायची, आणि तिच्यावरच पुन्हा दुसरे चित्र घ्यायचे. पुन्हा तेच थर!

आणि आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी फाळके काय दाखवतात? साध्या वेषातली मंदाकिनीच दाखवतात. ती हसते, रागावते, नाना भाव करते. मग बघता बघता तिच्या जागी मुकुट-मोरपिसांचा कृष्ण उमटतो. एवढा जादूगार माणूस, पण प्रेक्षकाला आधी खालचा थर दाखवतो: ही माझी मुलगी, आणि आता हिला कृष्ण म्हणून पाहा. लोकांची भक्ती त्याने रतिभरही कमी झाली नसावी. जॉन्सनच्या ग्रंथात जे नव्हते ते हे.

संगणकाकडे आलो की ही जुनी मंडळी पुन्हा भेटतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातला विद्यार्थी टॉमस नोल याने 1987 मध्ये एक प्रोग्राम लिहायला घेतला. वडिलांना फोटोचा छंद, घरात काळोखी खोली, त्यामुळे मुलाला ते काम ठाऊक. भाऊ जॉन मदतीला आला, आणि 1990 साली तो ‘फोटोशॉप’ नावाने बाजारात आला. त्यात फोटोचा भाग उजळायचे जे साधन आहे, त्याचे चिन्ह म्हणजे काडीवर बसवलेली गोल चकती. काळोख्या खोलीत कागदावर उजेड पडू नये म्हणून अशीच पुठ्ठ्याची चकती मध्ये धरीत. ‘लेयर’ची सोय मात्र 1994 साली आली. तिचा मोठा गुण असा की मूळ फोटो तळाशी जसाच्या तसा राहतो. वर रंग, छटा, चौकट काय हवे ते चढवा, आणि नको झाले की उचलून टाका.

पण एक मेख आहे. काम संपवून फोटो नेहमीच्या ‘जेपीजी’ पद्धतीने साठवला की सारे थर वितळून एक होतात. तोच नव्याने मूळ फोटोवर साठवला, तर खालचे आजोबा कायमचे गेले. म्हणून एवढेच करा: फोटोला हात लावण्याआधी त्याची एक प्रत वेगळी ठेवा आणि तिच्या नावात ‘मूळ’ असा शब्द घाला. कागदी फोटो तर दुकानात दिला असेल, तर परत आणायला विसरू नका.

हे सांगायला कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी जुना समूहफोटो तालुक्याच्या एका दुकानात दिला. मोठा करून आला, फार देखणा. तांबूस छटा, भोवती कमळांची लंबगोल चौकट. सगळ्यांनी वाहवा केली. समारंभात एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ त्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “माझे वडील इथे कडेला होते. ते कुठे गेले?” वडील शाळेचे शिपाई. रांगेच्या टोकाला उभे होते आणि लंबगोल चौकटीत ते बसले नव्हते. मूळ फोटो दुकानात सापडेना.

गुरुजी गावोगाव हिंडले. वर्षभराने एका जुन्या विद्यार्थिनीच्या ट्रंकेत तसाच दुसरा फोटो मिळाला. तो काही कुणी उजळला नव्हता. कोपरा वाळवीने खाल्लेला. टोकाला शिपाई उभे, हातात तासाचा टोल द्यायचा हातोडा. मागच्या बाजूला सगळ्यांची नावे रांगेने लिहिलेली, फक्त शेवटच्या जागी ‘शिपाई’ एवढाच शब्द. गुरुजींनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावून वडिलांचे पूर्ण नाव विचारले आणि त्या शब्दापुढे लिहिले. हलक्या हाताने, पेन्सिलीनेच लिहिले. शाई पुढे उमटते.