नोंदवही आणि कुलूप : जर्नलिंग फाइल प्रणालीतील लॉकची कोंडी कमी होण्याचा इतिहास

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथे शेतजमिनीची खरेदी झाली किंवा वारसाची नोंद करावयाची असली, तरी सातबाऱ्यावर एकदम नवे नाव चढत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये बदल प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजेच गाव नमुना सहामध्ये नोंदविला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. काम मध्येच थांबले, तरी कोणता बदल पूर्ण झाला व कोणता राहिला, हे नोंदवही सांगते. संगणकातील जर्नलिंग फाइल प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. मात्र नोंदवही एक आणि लिहिणारे अनेक असले, की कोणी कोणासाठी थांबावे, हा प्रश्न उद्भवतो. या प्रश्नाचा लिनक्स प्रणालीतील इतिहास पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जर्नलचा उदय :
आधी नोंद, मग प्रत्यक्ष बदल ही पद्धत डेटाबेसच्या क्षेत्रात १९७० च्या दशकात रुजली. आयबीएमच्या 'जेएफएस' या फाइल प्रणालीने १९९० मध्ये, तर व्हेरिटास कंपनीच्या 'व्हीएक्सएफएस'ने १९९१ च्या सुमारास ती व्यापारी वापरात आणली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये आपला आराखडा मांडला. त्यातून साकारलेली 'ईएक्सटी३' प्रणाली २००१ मध्ये मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट झाली. तीत प्रत्येक लहान बदलाची स्वतंत्र नोंद होत नाही. अनेक बदल एका सामाईक व्यवहारात गोळा होतात आणि सर्वसाधारणपणे दर पाच सेकंदांनी एकत्र पक्के केले जातात. यामुळे डिस्कवरील लेखन वाचते. परंतु प्रत्येक प्रक्रियेला त्याच सामाईक व्यवहाराच्या दारात यावे लागते.

एकच मोठे कुलूप :
लिनक्सने १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांना आधार दिला, तेव्हा सुरक्षिततेसाठी संपूर्ण कर्नलला एकच मोठे कुलूप लावले होते. 'ईएक्सटी३'चे जर्नलही त्याच कुलपाच्या आश्रयाने चाले. एका खातेदाराच्या फेरफारासाठी साऱ्या गावाचे दप्तर अडवून धरावे, तसाच हा प्रकार होता. प्रोसेसर वाढले, पण वाढलेले प्रोसेसर रांगेत उभे राहू लागले.

कुलपांची विभागणी :
२००३ मध्ये अँड्र्यू मॉर्टन व अलेक्स टोमास यांच्या कामामुळे या प्रणालीतून मोठे कुलूप हटले. जर्नलच्या स्थितीसाठी एक, याद्यांसाठी दुसरे आणि प्रत्येक बफरसाठी स्वतंत्र असे लहान लॉक आले. डिस्कवरील जागेच्या वाटपासाठीही गटनिहाय लॉक झाले. हे काम जोखमीचे होते. लॉक घेण्याचा क्रम चुकला, तर दोन प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत कायमच्या खोळंबतात. लॉक अकाली सुटला, तर नोंदच बिघडते. संपूर्ण कर्नलमधून ते मोठे कुलूप २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत नाहीसे झाले.

वाचणारे आणि लिहिणारे :
२००८ मध्ये स्थिर झालेल्या 'ईएक्सटी४'मध्ये कोंडीचे ठिकाण बदलले. चारांहून अधिक गाभे असलेल्या यंत्रांवर जर्नलच्या स्थितीचा लॉकच मोठा अडसर असल्याचे मोजमापातून दिसले. वस्तुतः बहुतेक प्रक्रियांना ती स्थिती केवळ पाहावयाची असे. म्हणून २०१० मध्ये थिओडोर त्सो यांनी त्या लॉकचे वाचन-लेखन लॉकमध्ये रूपांतर केले. सातबारा एकाच वेळी अनेकांनी पाहण्यास हरकत नसते. एकांत लागतो तो लिहिणाऱ्याला. काही गणनांसाठी लॉकऐवजी अविभाज्य क्रियांचा वापर सुरू झाला. पुढे २०२० मध्ये ५.१० या आवृत्तीत हर्षद शिरवाडकर यांचे 'फास्ट कमिट' आले. एक फाइल पक्की करण्यासाठी संपूर्ण सामाईक व्यवहार पुरा होईपर्यंत थांबण्याची गरज त्यामुळे अनेक प्रसंगी उरली नाही. त्यावरील शोधनिबंध शिरवाडकर, सौरभ काडेकोडी व त्सो यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला.

निष्कर्ष :
१) प्रोसेसरांची संख्या वाढविल्याने वेग आपोआप वाढतो, ही समजूत या इतिहासात टिकत नाही.
२) प्रत्येक टप्प्यावर लॉक नाहीसा करण्यापेक्षा त्याची हद्द नेमकी करण्यावर भर राहिला. व्यवहार बंद करून नवा उघडण्याच्या क्षणी आजही सर्वांना थांबावेच लागते.
३) एका ठिकाणची कोंडी सुटली, की ती दुसरीकडे प्रकट होते, म्हणून अनुमानापेक्षा मोजमाप महत्त्वाचे ठरले.

ताडकळसच्या शेतकऱ्याचा सातबारा आज संगणकावर आहे. त्याला नोंद लवकर हवी असते, तशीच ती खरीही हवी असते. या दोहोंपैकी एकीसाठी दुसरीचा बळी न देणे, हेच या अनेक वर्षांच्या प्रयत्नांचे सार म्हणता येईल.