'आर'ने गिळलेले स्वर

पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शब्द ऐकून लिहायला सांगितले, की काही चुका हमखास दिसतात. 'गर्ल'मधला 'आय' गळतो आणि कागदावर जी-आर-एल एवढेच उरते. 'बर्ड'मध्ये 'आय'च्या जागी 'यू' किंवा 'ए' येतो. आपण लाल शाईने खूण करतो आणि शब्द पाच वेळा लिहून आणायला सांगतो. पण 'फर्न', 'बर्ड' आणि 'फर' या तीन शब्दांत कानाला एकच स्वर ऐकू येतो, मग लिहिताना ई, आय आणि यू अशी तीन वेगळी अक्षरे का, असे एखाद्या मुलाने विचारले तर? या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही, इतिहासात आहे.

एके काळी हे तीन स्वर खरोखरच वेगळे होते. 'फर्न'मध्ये 'ए' होता, 'बर्ड'मध्ये 'इ' होता आणि 'फर'मध्ये 'उ' होता. 'बर्ड'ची कथा तर आणखी गमतीची आहे. जुन्या इंग्रजीत तो 'ब्रिड' होता. 'थ्री'पासून झालेला 'थर्ड'सुद्धा आधी 'थ्रिड'सारखाच होता. बोलता बोलता 'र' आणि 'इ' यांनी जागा बदलल्या. आपल्याकडे 'नुकसान'चे 'नुस्कान' होते, तसाच हा वर्णविपर्यय.

मग स्वर एक कसे झाले? याचे कारण तोंडात आहे. मराठी 'र' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे क्षणभर टेकते आणि सुटते. त्यामुळे आधीच्या स्वराला धक्का लागत नाही. तीर, तूर, तार, तेर म्हणून पाहा, चारही स्वर स्वच्छ राहतात. इंग्रजी 'आर' मात्र जीभ कोठेही न टेकवता, ती मागे ओढून किंवा वळवून उच्चारतात. ही तयारी आधीचा स्वर चालू असतानाच सुरू होते. ऱ्हस्व इ, ए, उ अशा वेळी आपापली जागा सोडून तोंडाच्या मध्यभागी सरकतात. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडच्या बहुतेक भागांत ते एकमेकांत मिसळून गेले. स्कॉटलंडमधील अनेकांच्या बोलण्यात मात्र ते अजूनही वेगळे ऐकू येतात.

पण तोपर्यंत छापखाना आला होता. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे मुद्रण सुरू केले आणि पुढच्या दोन शतकांत स्पेलिंग बरेचसे ठरून गेले. उच्चार पुढे चालत राहिले, अक्षरे मागे थांबली. आपण मुलांकडून जे पाठ करून घेतो, ते असे थांबलेले जुने उच्चार आहेत.

कधी स्पेलिंगही उच्चाराबरोबर चालले. 'स्टार' पूर्वी 'स्टेर'सारखा होता. उच्चार बदलला तेव्हा ई जाऊन ए आला. 'क्लर्क'च्या बाबतीत लंडनने उच्चार 'क्लार्क' केला, पण ई तशीच ठेवली. अमेरिकेत 'क्लर्क' रूढ झाले. आपल्या कचेऱ्यांत दोन्ही ऐकू येतात.

पुढे 'आर' स्वतःच विरू लागला. बेन जॉन्सन यांचे इंग्रजी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. त्यात या वर्णाला कुत्र्याचे अक्षर म्हटले आहे, कारण तो गुरगुरल्यासारखा ऐकू येतो. मात्र शब्दाच्या मध्ये व शेवटी तो मऊ होतो, असेही तेथे नोंदले आहे. १७९१ साली जॉन वॉकर यांच्या उच्चारकोशात लंडनमधल्या 'बार्ड'चा 'बाड' होत असल्याचे सांगितले आहे. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मात्र 'आर' टिकला. म्हणून अमेरिकन शिक्षक 'स्वरावर हुकूम चालवणारा आर' असे शिकवतात, तर इंग्लंडमध्ये ए-आर ही दोन अक्षरे मिळून एक लांब 'आ' असे शिकवतात. आपल्याकडे दोन्ही प्रकारची पुस्तके येतात आणि शिक्षक गोंधळतात. दोन्ही नियम आपापल्या गावी बरोबर आहेत.

आता मुलांच्या चुकांकडे पुन्हा पाहू. शाळेत जाण्यापूर्वीच स्वतःच्या मनाने स्पेलिंग रचणाऱ्या अमेरिकन मुलांचा अभ्यास चार्ल्स रीड यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. त्या चुका मनमानी नव्हत्या, त्यांत आवाजाचे बारीक निरीक्षण होते. 'टायगर'च्या शेवटी मुले जी-आर एवढेच लिहीत. अमेरिकन उच्चारात तेथे वेगळा स्वर उरलेलाच नसतो, 'आर' हाच स्वर असतो. म्हणजे कान बरोबर होता. आपल्या मुलांचे कारण वेगळे, पण तेही तर्काला धरूनच आहे. देवनागरीत 'गर्ल' लिहिताना स्वराची खूणच लागत नाही, कारण 'अ' हा 'ग'मध्येच असतो. जी-आर-एल लिहिणारे मूल आपल्या लिपीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हापासून हा प्रश्न अगदी लहान वर्गांत आला आहे. येथे आपली लिपीच मदतीला येते. 'कार्ड', 'पार्क' यांतला 'आर्' बहुधा ए-आर. 'फॉर्म', 'शॉर्ट' यांतला 'ऑर्' बहुधा ओ-आर. ही दोन घरे कानाने ओळखता येतात, ती आधी घ्यावीत. 'अर्' ऐकू आला की मात्र ईआर, आयआर, यूआर यांपैकी कोणते, हे कान सांगू शकत नाही. तेथे शब्दांची कुटुंबे करावीत: 'बर्ड, गर्ल, शर्ट, फर्स्ट' एका तक्त्यावर, 'टर्न, बर्न, नर्स' दुसऱ्यावर आणि 'हर, टर्म, फर्न' तिसऱ्यावर. 'वर्क', 'वर्ल्ड' यांत ओ-आर असूनही 'अर्' ऐकू येतो आणि 'वॉर्म'मध्ये ए-आर असूनही 'ऑर्'. 'डब्ल्यू'मागचे हे शब्द वेगळे ठेवून शेवटी घ्यावेत.

आणि 'बर्ड'मध्ये 'यू' लिहिणाऱ्या मुलाला 'नीट ऐक' असे सांगू नये. त्याने नीटच ऐकले आहे. 'तू ऐकलेस ते बरोबर, हा शब्द लिहायची रीत मात्र जुनी आहे' असे सांगितले, तर स्पेलिंग तर सुधारेलच, पण आपल्या कानावरचा त्याचा विश्वासही शाबूत राहील.