रांगणे

रांगणे : तळहात आणि गुडघे टेकून, पोट जमिनीवरून उचलून बाळाने स्वतः पुढे जाणे. त्याआधी बहुतेक मुले पालथी पडतात, कोपरांवर रेलतात, पोटावरच जागच्या जागी गोल फिरतात. काही आधी मागेच सरकतात आणि समोरचा खुळखुळा लांब गेला म्हणून रडतात. काही रांगतच नाहीत. बुडावर घसरत जातात किंवा थेट पलंग धरून उभी राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका येथील ८१६ मुलांच्या पाहणीवरून २००६ मध्ये हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यांनुसार निरोगी मूल ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही रांगू लागते. एवढा फरक नैसर्गिक असताना शेजारच्या बाळाकडे पाहून घोर लावून घेण्यात अर्थ नाही. ४.३ टक्के मुले तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये विकासाच्या तक्त्यातून रांगणे वगळले. तपासणीची खूण म्हणून ते वगळणे ठीक. त्यावरून रांगण्याला महत्त्व नाही असे ठरवणे मात्र चूक, कारण स्वतःच्या बळावर हलू लागलेल्या मुलाचे मनही बदलते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा भीतीचा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी ‘दृश्यकडा’ उभारला (१९६०). उंच टेबलावर जाड काच. एका बाजूला काचेला लागूनच चौकड्यांचे कापड, दुसऱ्या बाजूला तेच कापड खूप खाली. मधल्या फळीवर बाळाला ठेवून आई दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हाक मारी. फळी सोडून निघालेली २७ मुले उथळ बाजूला गेली. खोल बाजूवर उतरली फक्त तीन. पण ही सगळी रांगणारी मुले होती. पुढे जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी न रांगणाऱ्या बाळांना खोल बाजूवर नेले, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले : ती कुतूहलाने बघत होती. रांगणाऱ्यांचे ठोके मात्र वाढले. खोली आधीही दिसत होती. तिचे भय हालचालीच्या अनुभवातून आले.

रांगणारे मूल आईपासून दूर जाऊ शकते, म्हणूनच तिच्याकडे वळून पाहायला शिकते. १९८५ च्या एका प्रयोगात वर्षभराच्या मुलांपुढे बेताच्या खोलीचा कडा ठेवला होता. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ मुले पलीकडे गेली. घाबरलेला असताना १७ पैकी एकही गेले नाही. घरातही याच सुमारास ‘नको’, ‘हात लावू नकोस’ हे शब्द वाढतात. बाळाचा पहिला हट्ट आणि मोठ्यांचा पहिला दटावणीचा सूर बहुधा इथूनच सुरू होतो. आधी सगळ्यांना गोड वाटणारे बाळ आता ‘ऐकत नाही’ असे म्हटले जाते. वास्तविक त्याला पहिल्यांदाच स्वतःचा बेत सुचलेला असतो, आणि त्याला आडकाठी झाली की राग येणारच.

धोका ओळखण्याचे हे शहाणपण सगळेच्या सगळे पुढच्या टप्प्यावर जात नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांना दिसले, की रांगताना धोक्याचा उतार ओळखू लागलेले मूल चालू लागताच तोच उतार बेधडक उतरू पाहते. ओळख नव्याने करावी लागते. त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. एवढ्या सरावाला मोकळी जमीन लागते. ढकलत न्यायच्या लाकडी पांगुळगाड्यात मूल निदान स्वतःच्या पायांवर उभे असते. बसून फिरायच्या चाकांच्या वॉकरमध्ये ते जिन्यावरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली.

भारतीय बालकांच्या विकासाच्या मोजमापासाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी तयार केलेली श्रेणी जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत वापरतात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरतात. उशिरापेक्षा ढंगाकडे अधिक लक्ष द्यावे : बाळ नेहमी एकच हात-पाय ओढत असेल, एक मूठ सतत मिटलेली राहत असेल, किंवा आलेली हालचाल पुन्हा गेली असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.