हातोडा आठवतो, नाव नाही

प्रलय कशाने झाला, हे वाचकाला क्वचितच आठवतं. साथ आली, बॉम्ब पडला, गवत करपलं की समुद्र चढला, याचा त्याच्या डोक्यात काला झालेला असतो. लेखकाचं नाव तर विचारूच नये. लक्षात राहिलेलं असतं ते भलतंच काहीतरी. एका मुलीच्या पायाला सहा बोटं होती. मठातले साधू वाणसामानाची यादी पवित्र म्हणून जपत होते. एक माणूस जाईल तिथे हातोडा घेऊन जायचा. दादरमधल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत इंग्रजी कपाटांपाशी माझी सगळी नोकरी गेली. "ताई, ते एक पुस्तक होतं बघा…" अशी सुरुवात झाली की मी म्हणायचे, "जग बुडालं कसं ते राहू द्या. बुडाल्यानंतरचं सांगा."

हातोड्याचं पुस्तक विचारायला आले होते ते बोटीवर नोकरी केलेले एक गृहस्थ. मुखपृष्ठ उडालेली, पुढची पानं गेलेली प्रत त्यांनी कुठल्याशा बंदरात उचलली होती. "शेवटी तो पुलावर मरायला टेकलेला असतो, आणि पोरांना चिंता कसली, तर हातोडा आता कोणाकडे जाणार," एवढं ते सांगू शकले. तेवढं पुष्कळ होतं. पुस्तक होतं जॉर्ज आर. स्टुअर्ट यांचं 'अर्थ अबाइड्स', १९४९ सालचं. खरी अडचण पुढच्या वाक्यात होती: "असंच आणखी एखादं द्या." असंच म्हणजे कसं? साथीचं, की हातोड्याचं? साथीची पुस्तकं ढिगाने मिळतात. हातोड्याची शोधायला गेलं, की माणूस पुन्हा पुन्हा एकाच गावात जाऊन पोचतो: कॅलिफोर्नियातलं बर्कली.

सुरुवात अर्थात बर्कलीत झाली नाही. फ्रान्समध्ये ग्रँव्हिल यांचं 'शेवटचा माणूस' या अर्थाच्या नावाचं पुस्तक १८०५ मध्ये आलं होतं. पण इंग्रजीत या घराण्याची आजी मेरी शेली. 'फ्रँकेन्स्टाइन'मुळे ती सगळ्यांना ठाऊक असते, 'द लास्ट मॅन'मुळे फार थोड्यांना. हे पुस्तक १८२६ चं. तोवर तिची तीन मुलं गेली होती, नवरा १८२२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला होता, आणि मित्र बायरन १८२४ मध्ये ग्रीसमध्ये तापाने गेला होता. हे दोघेही कादंबरीत वेगळ्या नावांनी येतात आणि तिथेही मरतात. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून साथ येते आणि एका माणसाखेरीज सगळ्यांना नेते. ही पूर्वेची साथ तिने नुसत्या कल्पनेतून काढली असं म्हणवत नाही. बंगालात जेसोरच्या बाजूला १८१७ मध्ये कॉलरा उसळला होता आणि पुस्तक यायच्या आत तो कॅस्पियन समुद्रापर्यंत जाऊन भिडला होता.

मला त्यातली प्रस्तावना सर्वांत आवडते. नेपल्सजवळच्या सिबिलच्या गुहेत झाडांच्या पानांवर आणि सालींवर नाना भाषांत लिहिलेले तुकडे सापडले, ते जुळवून, मधल्या जागा स्वतः भरून ही कथा तयार केली, असं ती सांगते. म्हणजे प्रलयकथेचा इंग्रजी वंशच तुकडे जुळवण्यापासून सुरू झाला. पुढे त्या पुस्तकाचं नशीबही तसंच निघालं. समीक्षकांनी झोडपलं, बाजारातून ते नाहीसं झालं, आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने त्याची नवी आवृत्ती काढली ती १९६५ मध्ये.

रिचर्ड जेफरीज यांचं 'आफ्टर लंडन' १८८५ चं. त्यात इंग्लंडच्या मध्यभागी मोठं सरोवर झालं आहे आणि लंडनच्या जागी विषारी दलदल. हे कशाने घडलं, ते लेखक सांगतच नाही. कोणी म्हणतं आकाशातून एक काळा गोल जवळून गेला, कोणी आणखी काही. लिहिणारे-वाचणारेच उरले नाहीत, तर खात्रीने सांगणार कोण? माझ्या वाचकांचा विसरभोळेपणा जेफरीजने शंभर वर्षं आधी पात्रांच्या अंगी घालून ठेवला होता. पुस्तकाचा पहिला भाग, शेतांवर गवत आणि मग झुडपं कशी चढत जातात तो, अप्रतिम आहे. दुसऱ्या भागातला नायक मात्र मला कंटाळवाणा वाटतो.

आता बर्कली. जॅक लंडन १८९६ मध्ये तिथल्या विद्यापीठात शिकायला गेला आणि वर्षाच्या आत सोडून आला. पुढे १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, त्यापाठोपाठ आग लागली, आणि जळतं शहर डोळ्यांनी पाहून त्याने 'कॉलियर्स' साप्ताहिकात लेख लिहिला. सहा वर्षांनी मासिकात छापून आलेल्या 'द स्कार्लेट प्लेग'मध्ये ते जळणं पुन्हा दिसतं. त्याची साथ येते २०१३ मध्ये. साठ वर्षांनंतर कातडी पांघरलेला एक म्हातारा नातवंडांना गोष्ट सांगतो आहे. तो एके काळी बर्कलीत इंग्रजीचा प्राध्यापक होता. पोरांना त्याचे निम्मे शब्द कळत नाहीत. ती त्याची टिंगल करतात, खेकडा खायला दिल्यासारखं करून नुसतं कवच हातात देतात. म्हाताऱ्याने एका टेकडीवरच्या गुहेत पुस्तकं साठवली आहेत आणि पुढे कोणाला अक्षरं लावता यावीत म्हणून शेजारी मुळाक्षरांची किल्लीही ठेवली आहे. शेलीच्या गुहेत तुकडे सापडले होते. हा गुहेत ठेवून जातो.

स्टुअर्टही बर्कलीत इंग्रजीचाच प्राध्यापक. अमेरिकेतल्या गावा-नद्यांना नावं कशी पडली यावर त्याने एक जाडजूड पुस्तक १९४५ मध्ये लिहिलं होतं. एका वादळाला बाईचं नाव देऊन त्यावर कादंबरीही केली होती. माणसं गेली तरी डोंगर, नद्या आणि त्यांची नावं मागे कशी उरतात, हा त्याचा आयुष्यभराचा विषय. 'अर्थ अबाइड्स'चा नायक ईश हा भूगोलाचा विद्यार्थी. डोंगरात एक जुना खाणकामाचा हातोडा त्याला सापडतो, तिथेच साप चावतो, आणि बरा होऊन खाली येतो तो जग रिकामं झालेलं. साथ एवढ्यात आटोपते. पुढची बहुतेक पानं म्हणजे बर्कलीच्या टेकडीवर जमलेल्या मूठभर माणसांची दोन-तीन पिढ्यांची हकिगत. वर्ष सरलं की ती खडकावर आकडा कोरतात आणि त्या वर्षाला नाव देतात. नळाचं पाणी पुष्कळ वर्षं आपोआप येत राहतं. डब्यातलं अन्न संपत नाही. मग कोण शिकतं आणि कशाला?

ईशला विद्यापीठाच्या ग्रंथालयाची काळजी. लाखो पुस्तकं शाबूत आहेत, कोणीतरी वाचणारा हवा. असा एकच मुलगा निपजतो, त्याचा धाकटा जोई, आणि तो टायफॉइडने जातो. मग ईश शाळा बंद करतो. पोरांना धनुष्य कसं करायचं ते खेळ म्हणून शिकवतो, कारण बंदुकीच्या गोळ्या एक दिवस संपणार आहेत. आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेल्या बाईला हे प्रकरण पुन्हा वाचायला धीर लागतो. आणि हातोडा? तो पोरांनी परस्पर देवाच्या मालकीचा करून टाकलेला असतो. ईशला ते आवडत नाही, पण त्याच्याशिवाय तो बाहेरही पडत नाही.

धनुष्यापाशी थोडं थांबायला हवं. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात ऑगस्ट १९११ मध्ये 'याही' नावाच्या जमातीचा एक माणूस एकटाच येऊन पोचला. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी त्याची जमात मारून संपवली होती. उरलेले वर्षानुवर्षं डोंगरात लपून राहिले आणि शेवटी हा एकटा उरला. आपलं खरं नाव त्याने कोणाला सांगितलं नाही. लोकांनी त्याला इशी म्हटलं. बर्कलीच्या विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ अल्फ्रेड क्रोबर यांनी त्याची सोय सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात लावली. तिथे रविवारी येणाऱ्या लोकांसमोर तो बाणांची टोकं घडवून दाखवायचा. क्षयाने तो १९१६ मध्ये वारला. त्यानंतर काही वर्षांनी त्याच विद्यापीठात शिकवायला आलेला माणूस आपल्या नायकाचं नाव ईश ठेवतो आणि त्याच्या हातून शेवटी धनुष्य करवतो, हा निव्वळ योगायोग मानायला माझं मन घेत नाही. युरोपातले लेखक शेवटच्या माणसाची कल्पना करत होते. बर्कलीच्या विद्यापीठाकडे तो येऊन राहून गेला होता.

या वंशावळीत एक पिढी अजून आहे. क्रोबर यांच्या पत्नी थिओडोरा यांनी इशीचं चरित्र १९६१ मध्ये लिहिलं, आणि त्यांची बर्कलीतच १९२९ मध्ये जन्मलेली मुलगी म्हणजे उर्सुला ले ग्विन. तिचं 'ऑल्वेज कमिंग होम' १९८५ चं. आपली संस्कृती कधीच बुडून गेली आहे, समुद्र आत आला आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या एका खोऱ्यात वेगळीच माणसं सुखाने नांदत आहेत. त्यांची गाणी, नकाशे, नाटकं, स्वयंपाकाच्या कृती असा सगळा ऐवज, जणू एखाद्या संशोधकाने गोळा करून ठेवावा तसा. पहिल्या आवृत्तीसोबत त्या लोकांच्या संगीताची कॅसेटही होती. बुडालेल्या जगाबद्दल त्यांना फारसं कुतूहल नाही. आपल्याबद्दल, म्हणजे.

बोटीवरच्या गृहस्थांना मी आधी लंडन दिला आणि मग ले ग्विन. लंडनचं पुस्तक तासा-दोन तासांत होतं. ले ग्विन मात्र सरळ पहिल्या पानापासून वाचू नये. त्यात तीन तुकड्यांत विखुरलेली एका बाईची आत्मकथा आहे. ती आधी वाचावी.

इंग्लंडकडची पुस्तकं ओळखायला वेगळ्या कारणाने अवघड. तिथे एका पुस्तकाला दोन नावं असतात. जॉन विंडहॅमचं 'द क्रिसॅलिड्स' (१९५५), म्हणजे तेच ते सहा बोटांचं, अमेरिकेत 'री-बर्थ' म्हणून निघालं. त्यात मुलीच्या ओल्या पावलाचा ठसा दगडावर उमटतो आणि घात होतो. हे दृश्य ज्याला आठवतं त्याला ते लॅब्राडॉरमध्ये घडतं हे मुळीच आठवत नाही. जॉन ख्रिस्तोफरचं 'द डेथ ऑफ ग्रास' (१९५६) अमेरिकेत 'नो ब्लेड ऑफ ग्रास' झालं. फोर्टाच्या फुटपाथवर दोन्हीकडच्या आवृत्त्या यायच्या, आणि 'हे मी वाचलेलं नाही' म्हणून तेच पुस्तक पुन्हा विकत घेतलेले लोक मी पाहिलेत. त्यात लेखकांचीही टोपणनावं. ख्रिस्तोफर म्हणजे सॅम यूड. विंडहॅमचं पूर्ण नाव एवढं लांब होतं की त्यातले निरनिराळे तुकडे घेऊन तो निरनिराळ्या नावांनी लिहायचा. 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' (१९५१) विचारणारे पुष्कळजण सांगतात की चालणारी झाडं समुद्राच्या पाण्याने विरघळतात. ते सिनेमात. पुस्तकात झाडं शेवटपर्यंत राहतात.

प्रलय विसरण्याला आमच्याकडे एक अपवाद होता. "मुंबईत बर्फ पडतो ती गोष्ट," असं म्हटलं की नारळीकरांची 'हिमप्रलय' काढून द्यायची. तिथे लोकांना पात्रं आठवत नसत, प्रलय मात्र चोख आठवे. बर्फ आपल्या गच्चीवर पडला की तो विसरत नाहीत.

यादी जपणाऱ्या साधूंचं पुस्तक म्हणजे वॉल्टर मिलरचं 'अ कँटिकल फॉर लिबोविट्झ'. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होता. इटलीतल्या मोन्ते कॅसिनोच्या मठावर फेब्रुवारी १९४४ मध्ये बॉम्ब टाकले गेले, त्या मोहिमेत तोही होता. शतकानुशतकं पोथ्यांच्या नकला करणाऱ्या संप्रदायाचं ते मूळपीठ. युद्धानंतर तो कॅथलिक झाला आणि पन्नाशीच्या दशकात तीन दीर्घकथा लिहून त्याने त्यांची ही कादंबरी केली. अणुयुद्धानंतर सहाशे वर्षांनी वाळवंटातले साधू एका इलेक्ट्रिकल इंजिनियरचे कागद अर्थ न कळता उतरवून घेतात. एक साधू बिचारा एका यंत्राच्या आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीची नक्कल करण्यात पंधरा वर्षं घालवतो. वाटेत लुटारू भेटतात आणि मूळ कागद सोडून नक्कलच पळवतात, कारण ती जास्त सुंदर असते. 'अर्थ अबाइड्स' आवडलेल्या माणसाला हे द्यावंच. तिथे पुस्तकं आहेत आणि वाचणारा नाही. इथे वाचणारे आहेत आणि हातात येतात त्या चिठ्ठ्याचपाट्या.

'द रोड' मी या वाचकांना देत नाही. चांगलं पुस्तक आहे, पण ते बाप-लेकाचं आहे. 'स्टेशन इलेव्हन' द्यावं, त्यात निदान नाटक मंडळी गावोगाव फिरत असतात.

आणि ज्याला इंग्रजीची भीती नाही, त्याला रसेल होबनचं 'रिडली वॉकर' (१९८०). होबनने १९७४ मध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये संत यूस्टसच्या कथेचं जुनं चित्र पाहिलं, आणि ते चित्र, त्याची माहितीची चिठ्ठी आणि अणुयुद्ध हे सगळं दोन-अडीच हजार वर्षांनंतरच्या लोकांच्या डोक्यात कसं मिसळून जाईल, यावर पाचेक वर्षं खर्च केली. सगळी कादंबरी मोडक्या, झिजलेल्या इंग्रजीत आहे. लोकलमध्ये ती वाचू नये. दार लावून मोठ्याने वाचावी. कानाला लागलीच कळते, डोळ्याला वेळ लागतो.