हलकी विमाने : कमी उंचीवरील कसरती व अपघात

जमिनीलगत बेफिकीरपणे कसरती करताना चूक सावरायला उंचीच उरत नाही. उंची कायम राखून विमान ६०° कलवून वळवले, की पंखांवरील भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाखाली पंखांची उचल ढासळते तो वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सामान्य वर्गातील हलक्या विमानाचा सांगाडा बहुधा ३.८ पट भारासाठी प्रमाणित असतो; त्यापुढे जोरात खेचल्यास, विशेषतः धातूला थकवा आलेला असल्यास, पंख मोडू शकतो. २३ जून १९८० रोजी दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ संजय गांधी यांचे पिट्स एस-२ए विमान कमी उंचीवर कसरती करताना कोसळले. त्यात ते आणि कॅप्टन सुभाष सक्सेना मृत्युमुखी पडले. हे विमान खास कसरतींसाठीच बांधलेले होते.